यंत्राचा ठसा आणि सोळा चिन्हांची लिपि

एखाद्या गृहस्थाच्या मोबाइलमध्यें एक ध्वनिमुद्रण आहे. घराच्या व्यवहाराविषयीं झालेलें बोलणें त्यांत उमटलेलें आहे, आणि तें न्यायालयापुढें ठेवण्याची वेळ आलेली आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून अमलांत आला. त्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणें असा इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करतांना त्याबरोबर एक प्रमाणपत्र द्यावें लागतें, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यांत फाइलीचें ‘हॅश’ मूल्य लिहिण्यासाठीं जागा राखलेली आहे. त्या जागीं आंकडे आणि इंग्रजी अक्षरें यांची एक लांबलचक ओळ येते. गृहस्थ ती पाहतो. तिचा अर्थ त्याला लागत नाहीं. आणि ‘संगणकाचें कांहींतरी असेल’ असें म्हणून तो खालीं सही करतो.

ही ओळ म्हणजे त्या फाइलीच्या बोटाचा ठसा होय, असें सामान्यतः सांगितलें जातें. तें बव्हंशीं खरें आहे, परंतु पुरतें खरें नाहीं. खरा ठसा यंत्राच्या पोटांत असतो. कागदावर येते ती त्या ठशाची नक्कल. ही नक्कल उतरविणारा कारकून म्हणजे कोणी माणूस नसून एखाद्या प्रोग्रामच्या पांचसहा ओळी असतात. त्या ओळी नीट लिहिलेल्या असल्या तर नक्कल मुळाबरहुकूम उतरते. नसल्या, तर फाइल खरी, ठसा खरा, माणूसहि खरा, आणि तरी कागदावरची ओळ तेवढी चुकीची, असा विलक्षण प्रकार घडूं शकतो. तो कसा घडतो आणि कसा टाळतां येतो हें समजण्यास मोठ्या गणिताची गरज नाहीं. ज्यांनीं रुपये, आणे आणि पैसे मोजले, किंवा घरांतील वडील माणसांच्या तोंडून त्यांचा हिशेब ऐकला, त्यांना तर तें फारच सोपें वाटेल.

प्रथम हॅश म्हणजे काय तें पाहावें. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमानें २००० सालींच, आपल्या तिसऱ्या कलमांत, या क्रियेची व्याख्या केलेली आहे. तिचें तात्पर्य असें: बिटांच्या एका मालिकेचें दुसऱ्या, बहुधा लहान, मालिकेंत रूपांतर करणारी ही एक ठरीव रीत आहे. तोच दस्तऐवज पुन्हां पुन्हां दिला तरी दर वेळीं तेंच फल मिळालें पाहिजे. त्या फलावरून मूळ दस्तऐवज उभा करणें, किंवा दोन निराळ्या दस्तऐवजांपासून एकच फल काढणें, हें व्यवहारतः अशक्य असलें पाहिजे. अशा अनेक रीति आहेत. त्यांपैकीं एसएचए-२५६ ही आज फार प्रचारांत असलेली रीत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें २००२ सालीं आपल्या प्रमाणग्रंथांत घातली. फाइल चार ओळींच्या पत्राची असो किंवा तीन तासांच्या चित्रपटाची असो, या रीतीनें निघणारें फल नेमकें २५६ बिटांचें असतें, कमी नाहीं कीं जास्त नाहीं. पत्रांतील एक स्वल्पविराम काढला तरी त्यांतील सुमारें निम्मे बिट उलटून जातात. म्हणूनच या फलाला ठसा म्हणतात.

बिट म्हणजे शून्य किंवा एक. यंत्र हे बिट सुटे ठेवीत नाहीं. आठ आठ बिटांची एक जुडी बांधतें. या जुडीला बाइट म्हणतात. आठ बिटांनीं ० पासून २५५ पर्यंत कोणतीहि संख्या दाखवितां येते. तेव्हां २५६ बिटांचा ठसा म्हणजे ३२ बाइटांची, अर्थात् ० ते २५५ यांमधील ३२ संख्यांची, एक माळ झाली. ठशाचें खरें रूप एवढेंच. त्यांत अक्षर नाहीं, ओळ नाहीं, भाषा नाहीं.

एक उदाहरण घ्यावें. इंग्रजी वर्णमालेंतील पहिलीं तीन लहान अक्षरें एकापुढें एक लिहिलीं आणि त्या तीन अक्षरांचा एसएचए-२५६ ठसा काढला, तर काय यावें हें त्या प्रमाणग्रंथांतच नमूद आहे. त्या माळेंतील पहिल्या आठ संख्या अशा: १८६, १२०, २२, १९१, १४३, १, २०७, २३४. शेवटच्या चार अशा: २४२, ०, २१, १७३. जगांतील कोणत्याहि यंत्रावर, कोणत्याहि भाषेंतील प्रोग्रामनें, या तीन अक्षरांचा ठसा असाच आला पाहिजे.

आतां ही माळ कागदावर किंवा पडद्यावर दाखवावयाची आहे. नवशिका मनुष्य म्हणेल कीं, ती जशीच्या तशी पाठवून द्यावी. तसें केलें कीं लगेच घोटाळा होतो. पडदा त्या संख्यांना संख्या समजत नाहीं; तो त्यांना अक्षरांचे क्रमांक समजतो. सध्यां सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतींत १८६ या बाइटनें कोणत्याहि अक्षराचा आरंभ होऊं शकत नाहीं. त्यामुळें अशा ठिकाणीं बरेचसे प्रोग्राम तो बाइट टाकून देऊन त्याच्या जागीं प्रश्नचिन्हासारखी एक खूण बसवितात. आणि एकदां ती खूण बसली कीं मूळ संख्या कोणती होती हें पुन्हां कधींहि सांगतां येत नाहीं. सी या भाषेंत तर आणखी एक रिवाज आहे. तेथें शून्य हा बाइट आला कीं मजकूर संपला असें मानतात. वरील उदाहरणांत तिसावा बाइट नेमका शून्य आहे. म्हणजे सीमधील मजकूर हाताळणारा प्रोग्राम २९ बाइट वाचून थांबेल, आणि पुढचे तीन बाइट अस्तित्वांतच नाहींत असें समजेल. ठसा ही मजकुराची जात नव्हे. त्याला मजकुराच्या वाटेनें पाठवावयाचें असेल तर आधीं मजकुराचा वेष द्यावा लागतो. सोळा चिन्हांची लिपि म्हणजे तो वेष.

सोळाच कां? येथें जुन्या रुपयाची आठवण उपयोगी पडते. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू होईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. रुपयाचा अर्धा म्हणजे आठ आण्यांची अधेली, तिचा अर्धा म्हणजे चार आण्यांची पावली, तिचा अर्धा म्हणजे दोन आण्यांची चवली, आणि चवलीचा अर्धा म्हणजे एक आणा. समजा, एका पिशवींत या चार नाण्यांसाठीं चार खण आहेत आणि प्रत्येक खणांत त्याचें नाणें एक तर आहे, नाहीं तर नाहीं. तर त्या पिशवींत शून्यापासून पंधरा आण्यांपर्यंत कोणतीहि रक्कम ठेवतां येते, आणि प्रत्येक रक्कम ठेवण्याची रीत एकच असते. अकरा आणे हवे असतील तर अधेली, चवली आणि आणा. पावलीचा खण रिकामा. दहा आणे हवे असतील तर अधेली आणि चवली एवढींच. चार बिटांचें गणित याहून निराळें नाहीं. बिट एक असेल तर खणांत नाणें आहे. शून्य असेल तर खण रिकामा आहे. अकरा म्हणजे १०११, आणि दहा म्हणजे १०१०.

एका बाइटांत आठ बिट, म्हणजे अशा दोन पिशव्या. प्रत्येक पिशवीची रक्कम एकाच चिन्हानें लिहितां आली, तर संबंध बाइट दोन चिन्हांत मावेल. रकमा सोळा आहेत, ० ते १५; आणि रोजचे अंक मात्र दहाच. उरलेल्या सहा रकमांसाठीं इंग्रजी वर्णमालेंतील पहिलीं सहा अक्षरें घेतलीं: दहा म्हणजे ए, अकरा म्हणजे बी, बारा म्हणजे सी, तेरा म्हणजे डी, चौदा म्हणजे ई आणि पंधरा म्हणजे एफ. याच पद्धतीला हेक्साडेसिमल, किंवा प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या बोलण्यांत नुसतें ‘हेक्स’, असें म्हणतात. आयबीएम कंपनीनें एप्रिल १९६४ मध्यें जाहीर केलेल्या सिस्टिम-३६० या यंत्रमालिकेनें आठ बिटांचा बाइट रूढ केला, आणि त्याबरोबर ही पद्धतीहि सर्वत्र पसरली. तत्पूर्वींच्या पुष्कळ यंत्रांत तीन तीन बिटांचे गट करून आठ चिन्हांनीं लिहिण्याची चाल होती. परंतु आठाला तीननें भाग जात नाहीं, चारनें नेमका जातो. हेक्सची सोय या साध्या भागाकारांत आहे.

आतां प्रोग्रामचें काम पाहावें. प्रोग्रामजवळ सोळा चिन्हांची एक पट्टी असते, शून्यापासून एफपर्यंत क्रमानें मांडलेली. बाजूस एक रिकामी ओळ तयार ठेवलेली असते. मग माळेंतील पहिला बाइट घेऊन त्याला १६ नें भागावयाचें. भागाकार येईल तें पहिल्या पिशवीचें मोल, आणि बाकी उरेल तें दुसऱ्या पिशवीचें. १८६ ला १६ नें भागलें असतां भागाकार ११ आणि बाकी १०. पट्टीवर अकराच्या जागीं बी आणि दहाच्या जागीं ए आहे. म्हणून ओळींत प्रथम ‘बीए’ लिहावयाचें. दुसरा बाइट १२०: भागाकार ७, बाकी ८, म्हणून ‘७८’. येथील ७८ म्हणजे अठ्ठ्याहत्तर नव्हे, तर सात सोळा आणि वर आठ, हें विसरतां कामा नये. तिसरा बाइट २२: भागाकार १, बाकी ६, म्हणून ‘१६’. चौथा १९१: ‘बीएफ’. याप्रमाणें ३२ बाइट संपेपर्यंत चाललें कीं ओळींत बरोबर ६४ चिन्हें होतात. सवयीचे प्रोग्रामर भागाकाराऐवजीं बाइट चार खण उजवीकडे सरकवितात आणि बाकीऐवजीं खालचे चार बिट चाळून घेतात. परंतु फल तेंच.

इतक्या सरळ कामांत चुकण्यासारखें काय आहे, असें वाटेल. पहिली चूक शून्यापाशीं होते. वरील माळेंतील सहावा बाइट १ आहे. त्याला १६ नें भागलें तर भागाकार शून्य आणि बाकी एक. म्हणून ओळींत ‘०१’ लिहिलें पाहिजे. परंतु बहुतेक भाषांत संख्या हेक्समध्यें लिहून देणारी एक तयार सोय असते, आणि ती सोय संख्येपुढें निरर्थक शून्य लावीत नाहीं. रोजच्या व्यवहारांत कोणीहि पांच रुपयांना ‘०५ रुपये’ म्हणत नाहीं, तशीच तीहि नुसतें ‘१’ लिहून मोकळी होते. येथें मात्र तें शून्य निरर्थक नसतें. पहिली पिशवी रिकामी आहे ही बातमी तें शून्य देत असतें. रिकामी पिशवी फेंकून दिली कीं पुढच्या सर्व पिशव्या एकेक घर मागें सरकतात. या तीन अक्षरांच्या ठशांत १६ पेक्षां लहान असे तीन बाइट आहेत: एक, तीन आणि शून्य. तिन्ही ठिकाणीं शून्य गाळलें गेलें तर ओळ ६४ ऐवजीं ६१ चिन्हांची होते.

केवळ लांबी कमी झाली असती तर एवढें बिघडलें नसतें. गाळलेलीं शून्यें पुन्हां भरून काढतां आलीं असतीं. परंतु तीं कोठें होतीं हें कळण्यास मार्ग उरत नाहीं. १ आणि ३५ हे दोन बाइट नीट लिहिले तर ‘०१२३’ असे होतात. १८ आणि ३ हे दोन नीट लिहिले तर ‘१२०३’ असे होतात. शून्यें गाळलीं तर दोहोंची ओळ ‘१२३’ अशी एकच होते. दोन निराळ्या वस्तूंना निराळें ओळखणें हा ज्या ठशाचा एकमेव धर्म, त्याच्या नकलेंत दोन निराळे ठसे एकरूप व्हावे, याहून मोठा दोष कोणता?

ही चूक किती वेळां घडेल याचा हिशेबहि मांडतां येतो. एखादा बाइट १६ पेक्षां लहान असण्याचा संभव सोळांत एक. ३२ बाइटांपैकीं एकहि तसा नसण्याचा संभव काढला तर तो शेंकडा सुमारें १३ येतो. म्हणजे असा सदोष प्रोग्राम शंभरांपैकीं सुमारें ८७ ठसे चुकीचे लिहील आणि १३ अगदीं बरोबर लिहील. लिहिणाऱ्यानें एकच उदाहरण तपासलें आणि तें त्या तेरांपैकीं निघालें, तर तो निश्चिंत मनानें प्रोग्राम दुसऱ्याच्या हवालीं करतो. याच चुकीची एक धाकटी बहीण आहे. कांहीं प्रोग्रामर संबंध ठशालाच एक प्रचंड संख्या मानून ती एकदम हेक्समध्यें लिहितात. तेथें मधलीं शून्यें सुरक्षित राहतात, परंतु ओळीच्या अगदीं आरंभीचें शून्य गळतें. हा प्रसंग सोळांत एकदांच येतो. आणि जी चूक क्वचित् घडते ती सहसा लौकर सांपडत नाहीं.

दुसरी चूक ऋण संख्येची. जावा या भाषेंत बाइटाची गणना ० ते २५५ अशी नसून उणे १२८ पासून १२७ पर्यंत आहे. तेथें १८६ हा बाइट उणे ७० म्हणून ओळखला जातो. त्याला तसाच मोठ्या संख्येच्या खणांत घालून हेक्समध्यें लिहिलें, तर ‘बीए’ ऐवजीं आधीं सहा एफ आणि मग ‘बीए’ अशीं आठ चिन्हें उमटतात. उपाय सोपा आहे: लिहिण्यापूर्वीं त्या संख्येचे खालचे आठ बिट तेवढे चाळून घ्यावे, म्हणजे उणे ७० चे पुन्हां १८६ होतात. पहिल्या चुकीनें ओळ आंखुडते, दुसरीनें ती फुगते. दोहोंवर एकच सोपी देखरेख आहे: चिन्हें मोजावीं. एसएचए-२५६ चीं ६४, त्याहून जुन्या एसएचए-१ चीं ४०, आणि एमडी५ चीं ३२. एकहि चिन्ह कमी किंवा जास्त असेल तर ती ओळ ठशाची नक्कल नव्हे, असें निःशंक समजावें.

तिसरी चूक वेषालाच देह समजण्याची. हेक्समधील ६४ चिन्हें हीं ३२ बाइटांचें वर्णन आहेत; ते बाइट नव्हेत. कांहीं कामांत एका ठशाचा पुन्हां ठसा काढावा लागतो. अशा वेळीं एका प्रोग्रामनें मूळ ३२ बाइट दिले आणि दुसऱ्यानें ६४ अक्षरांची ओळ दिली, तर दोघांचीं उत्तरें सर्वथैव निराळीं येतात. दोन्ही प्रोग्राम स्वतंत्रपणें निर्दोष वाटतात, आणि भांडण मात्र मिटत नाहीं. म्हणून जेथें ठशाची देवघेव होते तेथें बाइट द्यावयाचे कीं ओळ द्यावयाची, हें आधींच स्पष्ट ठरवावें लागतें.

चौथी चूक तुलना करतांना होते. हेक्समधील सहा अक्षरें कोणी लहान लिहितात, कोणी मोठीं लिहितात. कोणी दोन दोन चिन्हांमध्यें आडवी रेघ घालतात. माणसाला हा फरक नगण्य वाटतो, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या यंत्राला या निराळ्या ओळी वाटतात. तेव्हां दोन्ही ओळी एका वळणावर आणूनच ताडून पाहाव्या. याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. पीएचपी या भाषेंत दोन समान चिन्हांनीं तुलना केली आणि दोन्ही ओळी संख्येसारख्या दिसल्या, तर ती भाषा त्यांना संख्या समजून ताडते. २४०६१०७०८ ही अंकांची ओळ घेऊन तिचा एमडी५ ठसा काढला तर त्याची नक्कल शून्य, मग ई, आणि पुढें तीस निव्वळ अंक अशी येते. वैज्ञानिक लेखनांत ‘०ई’ याचा अर्थ शून्य गुणिले दहाचा अमुक घात, म्हणजे शून्यच. अशाच थाटाची नक्कल असणारे दुसरेहि शब्द लोकांनीं शोधून ठेवलेले आहेत. त्या सर्वांचे ठसे निराळे असून पीएचपीला ते शून्य आणि शून्य म्हणून समान दिसतात, आणि अशा तुलनेवर विसंबणारें दार भलत्याच परवलीच्या शब्दानें उघडूं शकतें. ठशाची नक्कल ही संख्या नव्हे, तशीच ती वाक्यहि नव्हे. ती चिन्हाला चिन्ह लावून ताडावयाची असते. त्याच भाषेंत यासाठीं ‘हॅश-इक्वल्स’ नांवाची स्वतंत्र सोय दिलेली आहे.

या सर्व खांचखळग्यांतून जाण्याचा शहाणपणाचा मार्ग म्हणजे नक्कल करणारा कारकून स्वतः न नेमतां भाषेनेंच पुरविलेला घेणें. पायथॉनमध्यें ‘डायजेस्ट’ म्हटलें कीं मूळ बाइट मिळतात आणि ‘हेक्सडायजेस्ट’ म्हटलें कीं नक्कल केलेली ओळ मिळते. पीएचपीमधील ‘हॅश’ ही सोय मुळांतच हेक्स ओळ देते. तिच्याकडून मुद्दाम कच्चे बाइट मागितले असतील तर ‘बिनटूहेक्स’ त्यांची ओळ करून देते. जावामध्यें २०२१ सालच्या सतराव्या आवृत्तीपासून ‘हेक्सफॉर्मॅट’ आहे. सीमध्यें मात्र लिहिणाऱ्यानेंच सांगावें लागतें कीं, प्रत्येक बाइटला दोन घरें द्यावीं आणि रिकाम्या घरांत शून्य भरावें. ती सूचना एकदां विसरली कीं वर सांगितलेलीं शून्यें गळूं लागतात. प्रोग्राम कोणताहि असो, त्याची परीक्षा ठरीव उत्तरांवर घ्यावी. तीन अक्षरांच्या ठशाची नक्कल ‘बीए ७८ १६ बीएफ ८एफ ०१ सीएफ ईए’ अशी सुरू होऊन ‘एफ२ ०० १५ एडी’ अशी संपली पाहिजे. या एकाच उदाहरणांत शून्याची, ऋण संख्येची आणि मध्येंच तुटण्याची अशा तिन्ही चुका उघड्या पडतात. म्हणून तें फार मोलाचें आहे.

ज्यांना प्रोग्राम लिहावयाचा नाहीं, त्यांनाहि या ओळीशीं काम पडतें. २० फेब्रुवारी २०१६ रोजीं लिनक्स मिंट या संगणकप्रणालीच्या संकेतस्थळांत चोरट्यांनीं शिरकाव केला आणि खऱ्या फाइलीऐवजीं घातक भाग मिसळलेली फाइल लोकांच्या हातीं पडावी अशी योजना केली. प्रणालीच्या चालकांनीं दुसऱ्या दिवशीं हें जाहीर केलें, आणि खऱ्या फाइलींचे एमडी५ ठसे देऊन लोकांना आपापली प्रत ताडून पाहण्यास सांगितलें. ज्यांनीं ती फाइल उतरवून घेतली होती त्यांच्यापुढें घरीं बसल्या करण्यासारखी एक साधी परीक्षा होती: आपल्या यंत्राकडून ३२ चिन्हांची ओळ काढावयाची आणि दिलेल्या ओळीशीं ती लावून पाहावयाची. आज मात्र या कामीं एमडी५ वर भिस्त ठेवूं नये. एकच एमडी५ ठसा असलेल्या दोन निराळ्या फाइली बनवितां येतात हें २००४ सालीं चिनी संशोधकांनीं दाखवून दिलें, आणि एसएचए-१ ची हीच गत २०१७ सालीं झाली. शिवाय ओळ ताडतांना पहिलीं चार आणि शेवटचीं चार चिन्हें पाहून समाधान मानूं नये. टोकाचीं थोडीं चिन्हें जुळविणें हें सर्व चिन्हें जुळविण्यापेक्षां कितीतरी सोपें असतें. टेलिफोनवरून ओळ वाचून दाखवितांनाहि सावध असावें, कारण बी, डी आणि ई हीं अक्षरें कानाला सारखींच वाटतात. ओळ लिहूनच पाठवावी हें उत्तम.

आतां त्या गृहस्थाकडे पुन्हां वळावें. त्याच्या प्रमाणपत्रांतील ओळ ज्या प्रोग्रामनें लिहिली त्यानें तीन शून्यें गाळलीं आहेत, असें समजा. पुढें कधीं तज्ज्ञ तीच फाइल घेऊन दुसऱ्या, निर्दोष प्रोग्रामनें ठसा काढील. त्याची ओळ ६४ चिन्हांची येईल. प्रमाणपत्रांतील ६१ चिन्हांची आहे. फाइलींतील एकहि बिट बदललेला नसतां, ध्वनिमुद्रणांत फेरफार झाला कीं काय अशी शंका उपस्थित होईल, आणि खऱ्या माणसाला आपल्या खरेपणाचें स्पष्टीकरण देत बसावें लागेल. ती पाळी येऊं नये म्हणून त्याच्या हातीं असलेला उपाय अगदीं अल्प आहे. सही करण्यापूर्वीं कोणत्या रीतीनें ठसा काढला हें नांव पाहावें. ओळींतील चिन्हें मोजावीं. आणि शक्य तर त्याच फाइलीचा ठसा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामनें काढून दोन्ही ओळी आरंभापासून अखेरपर्यंत लावून पाहाव्या. दहा मिनिटांचें काम आहे.

जुन्या काळीं एखादी गोष्ट निखालस खरी असली म्हणजे ती ‘सोळा आणे खरी’ असें म्हणत. रुपयाचे आणे गेले, पण सोळा चिन्हांच्या या लिपींत तो हिशेब अजून जिवंत आहे. पंधरा आण्यांवर तेथें भागत नाहीं. आणि रिकाम्या पिशवीचीहि तेथें नोंद घ्यावी लागते.